चंद्रशेखर कोण, काका की पुतण्या? सांगलीच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार. कमेंट सविस्तर लिहिलीत म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. रविवारच्या पुरवणीतल्या ‘अक्षरं जुळवा’ या कोड्याचं मी दिलेलं उत्तर साफ चुकलंय, जहाजावरचे शास्त्रज्ञ म्हणजे सी. व्ही. रामनच, आणि त्यांचे पुतणे एस. चंद्रशेखर यांना मध्ये आणून मी पोरांची दिशाभूल केली, असं तुमचं म्हणणं. रामन यांच्याबद्दल मलाही तेवढाच आदर आहे, पण उत्तर बदलणार नाही.

ज्यांनी अंक बघितला नाही त्यांच्यासाठी, उलटसुलट अक्षरांचे पाच शब्द होते: नचंद, द्रमुस, टशेव, राखन, तरवक. ते सोडवून प्रत्येकातलं गोलात येणारं एक अक्षर घ्यायचं आणि त्यांतून, खालच्या ओळीच्या आधाराने, शास्त्रज्ञाचं नाव जुळवायचं. चंदन, समुद्र, शेवट पटकन सुटतात, करवतही सुटतं, बऱ्याच जणांची गाडी अडली ती ‘राखन’पाशी कारण डोळ्याला ते राखण दिसतं आणि मग नखरा सुचतच नाही. गोलातली अक्षरं चं, द्र, शे, ख, र. पाच अक्षरांच्या १२० मांडण्या होतात पण एवढं करायची गरजच नाही, द्र हे जोडाक्षर चं च्या शेजारी ठेवलं की चंद्र झाला आणि उरलेल्या तिघांचा शेखर. इथवर तुमचं माझं एकमत आहे. भांडण आहे ते खालच्या ओळीचं: ‘जहाजाच्या प्रवासात यांनी केलेलं गणित पुढे नोबेलपर्यंत गेलं.’

आता बघा, रामन १९२१ साली इंग्लंडहून परत येताना नारकुंडा बोटीवर होते. आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा, असं इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले म्हणायचे. रामन यांनी निकोल प्रिझममधून पाणी बघितलं, पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यातून अडवला, तरी खालचा निळा रंग तसाच राहिला! (पाणी लाल प्रकाश शोषतं हेही त्या निळ्याचं मोठं कारण आहे, पण प्रतिबिंबाची गोष्ट तिथेच संपली.) हा डोळ्यांनी केलेला प्रयोग झाला, गणित नव्हे. त्याच धाग्यावरून पुढे १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चं नोबेल आलं हे खरंच आहे, पण ते काम कलकत्त्यात, प्रयोगशाळेत झालं.

आणि त्याच १९३० साली त्यांचा सख्खा पुतण्या, वय वर्षं १९, मुंबईहून बोटीत बसला, केंब्रिजला निघाला. इंधन संपलेला तारा आकसून श्वेत बटू होतो आणि आतल्या इलेक्ट्रॉनच्या दाबावर तगून राहतो, एवढं तेव्हा माहीत होतं. या पोराने प्रवासात त्या हिशोबात आइनस्टाइनची सापेक्षता घातली, कारण इतक्या दाट ताऱ्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने पळतात, आणि निघालं काय तर वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेलं की हा दाब ताऱ्याला सावरूच शकत नाही. ती मर्यादा आज आपण सूर्याच्या साधारण १.४ पट धरतो. १९३५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनसारख्या मोठ्या माणसाने भर सभेत ते उडवून लावलं, नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. कोड्यातली ओळ याच माणसाची आहे.

तुमचा दुसरा मुद्दा, ‘रामन यांचं नावच चंद्रशेखर’. सर, इथे आपल्याकडची सवय आड येते. आपण आधी स्वतःचं नाव मग वडिलांचं लावतो, तमिळ पद्धतीत वडिलांचं आधी येतं. सी. व्ही. मधला सी म्हणजे वडील चंद्रशेखर अय्यर, स्वतःचं नाव वेंकटरामन. पुतण्याच्या एस. मधले सुब्रह्मण्यन हेही वडीलच, म्हणजे रामन यांचे थोरले भाऊ, आणि चंद्रशेखर हे त्याचं स्वतःचं, आजोबांवरून ठेवलेलं नाव. त्यामुळे नावानेही उत्तर पुतण्याकडेच जातं.

‘असल्या कोड्यांनी विज्ञान कळत नाही, नुसता टाइमपास’ हे मात्र मला अजिबात पटलं नाही. आमच्या साताऱ्यात हिवाळ्यात रात्री गच्चीवरून व्याध लख्ख दिसतो, त्याचा जोडीदार तारा म्हणजे असाच श्वेत बटू, साधारण सूर्याएवढं वस्तुमान आणि आकार जेमतेम पृथ्वीएवढा. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण कोडं सोडवल्यावर शेजारची सातवीतली मुलगी मला विचारत होती की तो १.४ च्या आत आहे का. आहे.

पुढच्या रविवारी अधिकृत उत्तर येईल. त्यात रामन छापलं तर मी संपादकांना हे सगळं लिहून पाठवणार आहे, तुमचं मत तेव्हाही वेगळं असेल तर तुम्हीही जरूर पाठवा.