सरासरी मुलासाठी टाचण

नेमणुकीबद्दल अभिनंदन! गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीजवळची शाळा मिळाली म्हणता, म्हणजे भाग्यच उजळलं. मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, खोली एक, शिक्षक एक, आणि पहिली ते चौथी सगळी पोरं त्याच छपराखाली. घाबरू नका. माझा उभा जन्म अशाच शाळांत गेला आणि निरोपाच्या दिवशी शाल, नारळ व ‘आदर्श’ हे विशेषण घेऊन मी सुखरूप घरी आलो.

पहिल्या दिवशी हजेरी घ्या, पण नावांकडे फार बघू नका. बघितलंत की फसलात. गावातल्या मुलांच्या घरी कोंकणी, वसाहतीमागच्या खोल्यांतून येणाऱ्यांच्या घरी कन्नड, लमाणी, हिंदी, भोजपुरी. तुमचं पुस्तकातलं मराठी बोलणारं घर शोधायला कंदील लागेल. एकाला फळा दिसत नाही, म्हणून तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो, शेजाऱ्याच्या चुकांसकट. एकजण ‘घर’चं ‘धर’ वाचतो. दुसरीतला एक चौथीची गणितं नुसती ऐकून सोडवतो, कारण खोली एकच, कान कुठं ठेवणार? या सगळ्यांचा विचार करत बसलात तर शिकवणार कधी?

यावर उपाय म्हणजे सरासरी मुलगा. फार गुणी पोर. त्याला मराठी येतं, ऐकू येतं, दिसतं, तासभर जागचा हलत नाही आणि रात्री त्याची आई अभ्यास घेते. खोड एकच, तो शाळेत येत नाही. तरी रोजच्या पाठाचं टाचण त्याच्यासाठीच काढायचं. मी अठ्ठावीस वर्षं काढलं, त्याने एकदाही तक्रार केली नाही.

कुणी कायदा दाखवील. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४मध्ये शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहावी आणि गरजेनुसार जादा शिकवावं, असं लिहिलंय खरं. ‘प्रत्येक’ या शब्दावर अडखळू नका. ते कलम सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावा. पावसाळ्यात तेवढं उतरवून ठेवा, आपल्याकडे ओल फार.

प्रशिक्षणालाही जाल. कुणी पाहून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हात लावून, हे तिथं हमखास कळेल. हे मत डोळे मिटून उचला. अशा शैली जुळवून शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञांनी २००८मध्ये सगळं संशोधन चाळून सांगितलं होतं. अनेक बुद्धिमत्तांचा सिद्धांत १९८३मध्ये मांडणारे हॉवर्ड गार्डनर स्वतःही म्हणतात की माझ्या बुद्धिमत्ता म्हणजे या शैली नव्हेत. पण शैलीचं बरं असतं, मुलाच्या नावापुढे एक खूण केली की काम संपलं. त्याला फळा दिसतो का, हे बघायला मात्र बाकापर्यंत जावं लागतं.

‘घर’चं ‘धर’ करणाऱ्याला पन्नास वेळा लिहायला लावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमताही आहे, पण तुमच्याकडे ‘लक्ष नाही’ हा आपला जुना बाविसावा प्रकार आहेच. प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ मिळतो. पोर तिसरीत आहे, म्हणजे सातच वर्षं कळ काढायची. शिवाय चौथीनंतर बहुतेक पोरं इंग्रजी माध्यमात जातात. तिथं ते आपटलं तर इंग्रजीमुळे आपटलं. तुमचा हिशेब पाचवीच्या सरांच्या खात्यावर. इतकी सोयीची व्यवस्था दुसरीकडे कुठं मिळेल?

एक सावधगिरी सांगतो. शेजारच्या गावात एक बाई आहेत, त्यांच्याकडे फिरकू नका. त्या दुपारी तासभर इयत्ता मोडून टाकतात. अक्षरं ओळखणारे एका कोपऱ्यात, शब्द वाचणारे दुसऱ्या, उतारा वाचणारे व्हरांड्यात. चौथीतला मुलगा दुसरीतल्यांबरोबर बसतो आणि त्याला त्याची लाज वाटत नाही, कारण गणिताला तोच वरच्या गटात असतो. वजाबाकी काजूच्या बियांवर. ज्याला लिहायला जमत नाही तो उत्तर तोंडी सांगतो, आणि बाई त्याला पूर्ण गुण देतात! गोंगाट इतका की मधल्या सुट्टीची पाव-भाजी घेऊन येणाऱ्या बचतगटाच्या बायकांना शाळा सुटलीशी वाटते. दर महिन्याला पुन्हा कोण कुठवर आलं ते बघून गट बदलतात. तपासणीला साहेब आले तर त्यांना कुठली इयत्ता कुठं बसलीय तेच कळत नाही. अशाने बढती मिळते का?

तुमच्याकडे शांतता हवी. शांततेचा शत्रू म्हणजे कुजबुज. मागच्या बाकावर पाहा. नवी आलेली ती मुलगी, तिला कन्नडखेरीज काही येत नाही. तिच्या शेजारची दोन वर्षांपूर्वी अश्शीच आली होती. तुमचं प्रत्येक वाक्य ती हिच्या कानात कन्नडमध्ये सांगते. तुम्ही ‘वजा करा’ म्हणता, ती बाकाखाली पाच बोटं उघडून दोन मिटते. नवी मान हलवते आणि पाटीवर तीन लिहिते.

हे वेळीच थांबवा. शेजारणीचं नाव फळ्यावर ‘बोलणारी मुले’खाली लिहा. नाहीच ऐकलं तर एकीला खिडकीशी, दुसरीला दाराशी बसवा. नवी मग जूनपासून दिवाळीपर्यंत तोंड उघडणार नाही. प्रगतिपुस्तकात तिच्यापुढे लिहून टाका : वर्तन उत्तम.