बीप वाजला म्हणजे ग्राउंड ठीक आहे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

घरी बनवलेल्या सिंथेसायझरच्या व्हीसीओ (दिलेल्या व्होल्टेजनुसार स्वर काढणारा ऑसिलेटर) मॉड्यूलमधील ग्राउंडच्या (प्रवाहांची परतीची सामायिक वाट आणि शून्य व्होल्टचा आधार) दोषांवर मी लिहिलेल्या लेखाबद्दलची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपल्या बोर्डातून गुणगुण येते, असेही आपण लिहिले आहे. आपले आक्षेप तीन आहेत. एलएफओचा, म्हणजे संथ लयीत चढउतार करणाऱ्या ऑसिलेटरचा, एलईडी लुकलुकताना व्हीसीओचा स्वर हलतो, याचे खापर मी विनाकारण ग्राउंडच्या ट्रॅकवर (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर) फोडले आहे; खरा दोष अधिक १२ व्होल्टच्या पुरवठ्यात असून तो १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने मिटतो. मल्टिमीटरच्या बीपवर सगळे ग्राउंड एकमेकांना जोडलेले दिसत असताना मिलिओहमची चर्चा करणे म्हणजे निव्वळ कीस पाडणे आहे. आणि बोर्डावरची रिकामी जागा तांब्याने भरून ग्राउंडला जोडली, की परतीच्या वेगळ्या वाटा आखण्याचे कारणच उरत नाही. यांपैकी तिसऱ्या आक्षेपात बरेच तथ्य आहे. पहिले दोन मात्र मला मान्य नाहीत.

कपॅसिटरचा हिशेब सोपा आहे. हा एलईडी सेकंदातून साधारण एकदा लागतो आणि लागलेला असताना २० मिलिअँपिअर घेतो. अर्धा सेकंद एवढा प्रवाह एकट्या कपॅसिटरने पुरवायचा म्हटला, तर १००० मायक्रोफॅरडवरचे व्होल्टेज १० व्होल्टने उतरेल. म्हणजे इतक्या संथ बदलापुढे तो असून नसून सारखाच, कारण भार शेवटी रेग्युलेटरलाच उचलावा लागतो. पुरवठा हलला तर स्वर हलू शकतो हे आपले म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, कारण कोर्स ट्यूनचा (स्वर ढोबळ जुळवण्याचा) पॉट त्याच १२ व्होल्टवर बसलेला असतो. परंतु लेखातील बोर्डावर मी पुरवठ्याला हातही न लावता, पॉवर कनेक्टरच्या ग्राउंड पिनपासून व्हीसीओच्या समिंग ऑपअँपच्या (स्वर ठरवणारी व्होल्टेज एकत्र करणाऱ्या अॅम्प्लिफायर चिपच्या) ग्राउंडपर्यंत एक जाड वायर दोन्हीकडे क्रोकोडाइल क्लिप लावून जोडली आणि स्वराचे हलणे थांबले. वायर काढताच ते पुन्हा सुरू झाले. दोष पुरवठ्यात असता, तर या वायरने त्यात काही फरक पडला नसता.

आता बीपविषयी. बहुतेक मल्टिमीटर काही दशक ओहमच्या आतला कोणताही रोध ‘जोडलेले’ समजून बीप वाजवतात, त्यामुळे ०.१५ ओहम आणि शून्य ओहम यांच्यातला फरक त्या आवाजात ऐकू येणे शक्यच नाही. आपल्याला मात्र नेमका तोच फरक हवा आहे. एका सप्तकाला १ व्होल्ट या पद्धतीत एका अर्धस्वराला ८३.३ मिलिव्होल्ट आणि एका सेंटला (अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला) सुमारे ०.८३ मिलिव्होल्ट येतात. नेहमीच्या बोर्डावरचे तांबे ३५ मायक्रोमीटर जाडीचे असते आणि अशा तांब्याच्या प्रत्येक चौरसाचा रोध, चौरस लहान असो वा मोठा, साधारण अर्धा मिलिओहम असतो. माझा ग्राउंडचा ट्रॅक, ज्यातून एलईडीचा प्रवाहही परततो, ८० मिलिमीटर लांब होता. फेरिक क्लोराइडने (नको असलेले तांबे विरघळवणाऱ्या रसायनाने) कडा खाल्ल्यावर त्याची रुंदी सुमारे ०.४ मिलिमीटर उरली होती. म्हणजे एकामागोमाग एक २०० चौरस, अर्थात १०० मिलिओहम. त्यात कनेक्टरच्या सहा ग्राउंड पिनांपैकी त्या ट्रॅकला प्रत्यक्षात एकच पिन जोडलेली होती, तिच्या स्पर्शाचा आणि रिबन केबलमधल्या त्या एका तारेचा रोध वेगळाच.

प्रत्यक्ष मोजमाप असे केले. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवला, काळी प्रोब पॉवर बसच्या (सर्व मॉड्यूलना वीज पुरवणाऱ्या पट्टीच्या) ग्राउंडवर आणि लाल प्रोब टीएल०७२ च्या, म्हणजे त्या समिंग ऑपअँपच्या, ३ क्रमांकाच्या पिनवर धरली, जी या आकृतीत सरळ ग्राउंडला जाते. एलएफओ शक्य तेवढा संथ केला, म्हणजे मीटरच्या आकड्यांना सावरायला वेळ मिळतो. एलईडी लागला की आकडा ३.१ मिलिव्होल्टने चढत होता आणि विझला की तेवढाच उतरत होता. स्वर पाठवणारे मॉड्यूल बसच्या ग्राउंडला शून्य मानते, व्हीसीओ मात्र स्वतःच्या पायाखालच्या ग्राउंडला शून्य मानतो. या दोन शून्यांतले अंतर सरळ स्वरात मिसळते. ३.१ मिलिव्होल्ट म्हणजे पावणेचार सेंटच्या जवळपास. ४४० हर्ट्‌झवर जुळवलेल्या दोन व्हीसीओंमध्ये त्यामुळे सेकंदाला जवळजवळ एक विस्पंद (आवाजाचा चढउतार) पडतो, आणि तंबोऱ्याची जोडी मिळवण्याची सवय असलेल्या कानाला तो लपत नाही.

या दोषाचे आणखी एक लक्षण आहे, जे नवख्याला फार चकवते. न वापरलेल्या जॅकमध्ये नुसती पॅच केबल खोचून तिचे दुसरे टोक शेजारच्या मॉड्यूलला लावले, तरी स्वराचे हलणे कमी होते. केबलमधून कोणताही सिग्नल जात नसतो. तिच्या बाहेरच्या कवचामुळे ग्राउंडला परतीची दुसरी समांतर वाट मिळते, इतकेच. जॅकची नट घट्ट आवळल्यावर अॅल्युमिनियमच्या पॅनेलमधूनही तेच घडू शकते. ‘केसमध्ये बसवले की बरे चालते, टेबलावर ठेवले की बिघडते’ ही तक्रार ऐकली, की मी आधी येथे पाहतो.

तांबे भरण्याच्या उपायाबद्दल आपल्याशी माझा वाद मर्यादित आहे. कारखान्यातून करून घेतलेल्या दोन थरांच्या बोर्डावर खालचा थर अखंड ग्राउंड ठेवला, तर प्रवाहाच्या वाटेत फार तर दोन-तीन चौरस येतात. २० मिलिअँपिअरला जेमतेम ०.०३ मिलिव्होल्ट पडतात आणि प्रश्न संपतो. तसा बोर्ड मागवणे शक्य असेल तर अवश्य मागवावा. पण माझा लेख एका थराच्या, टोनरने छापून घरी रसायनाने एच केलेल्या बोर्डाविषयी होता. तेथे भरलेले तांबे प्रत्येक ट्रॅकपाशी चिरले जाते, त्याची बेटे होतात आणि ती बेटे जम्परने (जोडतारेने) किंवा दोन पॅडांमधल्या अरुंद गळ्याने जोडलेली राहतात. वरून सगळे तांबे सलग दिसते, प्रवाह मात्र त्या गळ्यातूनच जातो. आपण सोबत पाठवलेल्या छायाचित्रात पॉवर कनेक्टरजवळ उणे १२ व्होल्टचा ट्रॅक बोर्डाच्या जवळजवळ पूर्ण रुंदीतून आडवा गेला आहे. एलईडीचा परतीचा प्रवाह त्याला वळसा घालून नेमका व्हीसीओच्या ऑपअँपखालून कनेक्टरला येतो. त्या ट्रॅकवरून दोन-तीन जाड जम्पर टाकून दोन्हीकडचे तांबे जोडले, तरी बराच फरक पडेल.

माझ्या मते याहून चांगला उपाय म्हणजे एलईडीचा प्रवाह ग्राउंडमध्ये सोडूच नये. ट्रान्झिस्टरने चालणारा एलईडी अधिक १२ आणि उणे १२ यांच्या मध्ये लावावा, ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरने त्यातून साडेचार मिलिअँपिअरच्या आसपास जातात आणि आजच्या एलईडींना तेवढे पुरून उरतात. काही जण याउलट ग्राउंडच्याच वाटेत १० ओहमचा रेझिस्टर घालतात. तो अधिक आणि उणे १२ च्या वाटांवर घालणे योग्य आहे, ग्राउंडमध्ये मात्र कधीही नाही: २० मिलिअँपिअरला तेथे २०० मिलिव्होल्ट पडतील, म्हणजे जवळजवळ अडीच अर्धस्वर.

आपल्या बोर्डातून येणारी गुणगुण हा वेगळा विषय आहे आणि तिचा एलईडीशी संबंध नसावा. ती १०० हर्ट्‌झची असेल, म्हणजे पाश्चात्त्य जी स्वराच्या किंचित वर, तर रेक्टिफायरनंतरच्या मोठ्या कपॅसिटरचा चार्जिंगचा प्रवाह आपल्या सिग्नलच्या ग्राउंडमधून जातो आहे का, हे पाहावे. ५० हर्ट्‌झची असेल, तर ट्रान्सफॉर्मर बोर्डापासून दूर सरकवून फरक पडतो का, ते आधी तपासावे. ऑसिलोस्कोप वापरणार असाल, तर त्याच्या प्रोबचे ग्राउंड बहुधा मेन्सच्या अर्थिंगला जोडलेले असते आणि ते लावताच तिसरी वाट तयार होते, हे लक्षात असू द्यावे. त्यामुळे पहिले मोजमाप बॅटरीवरच्या मल्टिमीटरने केलेले बरे. बसचे ग्राउंड आणि टीएल०७२ ची ३ क्रमांकाची पिन यांमधला आकडा, जम्पर टाकण्यापूर्वीचा आणि नंतरचा, येथेच कळवावा.