‘चार तास बसवलं आणि लेझर न करताच परत पाठवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

गडहिंग्लजहून पहाटेची एसटी पकडून तुम्ही आलात, दहाची वेळ दिलेली असताना दोन वाजेपर्यंत थांबलात आणि चष्म्याचा नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया न होताच परत गेलात. या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहे. तुमचा खाडा झाला आणि सोबत आलेल्या माणसाचाही दिवस गेला, याची जाणीव आहे.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, ‘(कॉन्टॅक्ट) लेन्स त्या दिवशी सकाळीच काढल्या होत्या, तरी यांनी उगाच कारण काढलं.’ हे वाक्य नंबर घालवायचा विचार करणारा कोल्हापुरातला प्रत्येक माणूस वाचणार. उद्या कुणी हेच ऐकून सकाळी लेन्स काढून दुपारी लेझरखाली झोपायला तयार झाला, तर त्याचं नुकसान होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेझरने नंबर जातो म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, कॉर्नियाचा, आकार बदलतो. मायनस नंबर असेल तर मधला भाग थोडा सपाट करायचा, प्लस असेल तर कडेचा भाग काढून मध्य उंच करायचा, सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, असेल तर एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी काढायचं. हे काम करणारं एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचं असतं आणि एका ठोक्यात साधारण पाव मायक्रॉन थर काढतं. एक मायनस नंबर घालवायला सुमारे १२ ते १५ मायक्रॉन जातात. कॉर्नियाची सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात फ्लॅपसाठी, म्हणजे लेझरआधी झाकणासारखा उचलायच्या वरच्या थरासाठी, ११० गेले आणि सहा नंबरसाठी ९० गेले, तर ३४० उरतात. फ्लॅपखाली किमान २५० उरलेच पाहिजेत, आम्ही ३०० धरून चालतो. एकदा काढलेला थर परत लावता येत नाही.

आता लेन्सचं. लेन्स कॉर्नियावर रोज तासन्‌तास बसते, तिचा दाब पडतो, हवा कमी मिळते आणि कॉर्निया किंचित सुजतो. सुजलेला कॉर्निया जाड मोजला जातो, त्याची वक्रता बदललेली असते, सिलिंडरचा अक्ष सरकलेला असतो आणि नंबर पाव-अर्ध्याने इकडेतिकडे दिसतो. ओल्या कापडाचं माप घेऊन सदरा शिवला तर तो वाळल्यावर कसा बसेल, तसंच हे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे केराटोकोनस, कॉर्निया पातळ होत पुढे येण्याचा आजार. त्याची सुरुवात असेल तर ती लेन्समुळे झालेल्या बदलात लपू शकते, आणि नसेल तरी कॉर्नियाच्या नकाशात असल्यासारखी दिसू शकते. अशा डोळ्यावर लेझर केलं तर कॉर्निया आणखी कमकुवत होऊन पुढे फुगतो, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. म्हणून सॉफ्ट लेन्स किमान दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट असतील तर चार आठवडे बंद, मगच मोजणी. वेळ देताना जाणाऱ्या मराठी मेसेजमध्ये हे पहिल्याच ओळीत आहे. त्याच मेसेजमध्ये काजळ आणि अत्तर लावू नका असंही आहे, कारण अत्तराच्या वाफेचा लेझरच्या किरणावर परिणाम होतो.

‘चार तास नुसतं बसवलं’ असं तुम्ही म्हणता. त्या वेळात नंबर, कॉर्नियाचा नकाशा, जाडी आणि अश्रूंची तपासणी, एवढं होतं. मग बाहुली मोठी करायचे थेंब, तेही पुन्हापुन्हा, आणि बाहुली पुरती उघडायला पाऊण तास तरी जातो. मायनस नंबरवाल्यांचा मागचा पडदा कडेला पातळ असू शकतो, कधी त्याला बारीक छिद्र असतं, ते आधी बघावंच लागतं. परतीच्या वाटेवर जवळचं अंधुक दिसलं आणि ऊन सहन झालं नाही, तो याच थेंबांचा परिणाम. चार-सहा तासांत तो उतरतो. ‘लेझर न करताच डोळे बिघडवले’ हे शब्द मात्र फार लागले. ते खरे नाहीत.

पैशांबद्दल. तुमच्या मित्राला स्वस्तातली पद्धत सांगितली आणि तुम्हाला महागातली, असा आरोप आहे. तुम्हीच लिहिल्याप्रमाणे मित्र तालमीत जातो. फ्लॅप केलेल्या डोळ्याला कुस्तीत कोपर किंवा डोकं लागलं तर फ्लॅप सरकू शकतो, वर्षांनंतरही. म्हणून आखाड्यात उतरणाऱ्या पोरांना आम्ही फ्लॅप नसलेली, कॉर्नियाच्या पृष्ठभागावरच लेझर करायची पद्धत सुचवतो. ती स्वस्त आहे, पण तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, पाणी येतं, पट्टीसारखी लेन्स ठेवावी लागते आणि दृष्टी स्वच्छ व्हायला आठवडे लागतात. तुम्हाला सांगितलेल्या ब्लेडलेसमध्ये फ्लॅप पात्याऐवजी फेम्टोसेकंद लेझर करतं. कॉर्नियाच्या आत ठरलेल्या खोलीवर सूक्ष्म बुडबुड्यांची ओळ तयार होते आणि तिथून थर अलगद उचलला जातो. पात्याच्या फ्लॅपची जाडी कमीजास्त होते, इथे ती नेमकी ठेवता येते. डोळ्याला चिकटणारा भाग प्रत्येक रुग्णाला नवा लागतो आणि लेझरही दोन लागतात, म्हणून खर्च जास्त. मध्येच डोळा धरून ठेवणारं सक्शन सुटलं तर यंत्र थांबतं आणि त्या दिवशी थांबणंच शहाणपणाचं असतं, हेही आम्ही आधी सांगतो. चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा यातल्या कुठल्याच पद्धतीने कायमचा टळत नाही. हे सांगितल्यावर काही जण निघून जातात, तरी सांगतो.

पुण्यात एका दिवसात होतं, असं तुम्ही म्हणता. ज्याने लेन्स कधी लावलीच नाही त्याचं काम आमच्याकडेही लवकर होतं. त्या दिवशी तुमच्याकडून पैसे घेऊन लेझर करणं आमच्या फायद्याचंच होतं. यंत्राचे हप्ते आम्हालाही आहेत. तरी नाही म्हटलं, आणि त्याच कारणावरून एक स्टार मिळाला, याचं वाईट वाटतं.

काउंटरवर किती वेळ लागेल ते आधी सांगायची काहीतरी सोय करतो आहोत. लेन्सबद्दल मेसेजसोबत फोनवरही विचारायला सांगितलं आहे.

तुम्ही दोन आठवडे फक्त चष्मा वापरा, डोळे चोळू नका, आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी सुरू असेल तर येण्याआधी कळवा, तिने डोळे कोरडे पडतात. पुन्हा करायच्या मोजणीचे पैसे घेतले जाणार नाहीत, हे त्या दिवशीही सांगितलं होतं. परतीच्या एसटीची वेळ आदल्या दिवशी कळवलीत तर सकाळचा पहिला नंबर तुमचा ठेवतो. तपासणी पटली तर हा अभिप्राय बदलावा, एवढीच विनंती.