कुत्र्याच्या शाम्पूची बाटली जरा उलटी करून वाचा की राव

आमच्या कोल्हापुरात माणूस मटण घ्यायला गेला की खाटकाला धा प्रश्न विचारतो, बोकड कवळा हाय न्हवं, मांडीचं टाक, चरबी जास्त नको, आणि तोच माणूस कुत्र्याला शाम्पू घेताना बाटलीवरचा गोजिरवाणा लॅब्राडॉर बघतो, टोपण उघडून वास घेतो आणि पैसे देऊन मोकळा!! अरे ते जनावर अंग चाटतंय दिवसभर. जे अंगावर राहील ते थोडंफार पोटात जाणारच की.

परवा राजारामपुरीत एका दुकानात उभा होतो. बाटलीवर पुढं मोठ्या अक्षरात हर्बल, कडुलिंबाची पानं, कोरफडीचं चित्र. मागचं वाचता येईना म्हणून मोबाईलनं फोटो काढून झूम केला तर मिथाइलआयसोथायझोलिनोन, डीएमडीएम हायडँटॉइन, फ्रॅग्रन्स, दोन रंग आणि मग कुठंतरी शेवटाला कडुलिंबाचा अर्क. दुकानदार म्हणतोय, "दादा हर्बल हाय, बिनधास्त न्या." त्याचा तरी काय दोष, त्यानं पण पुढचीच बाजू वाचलेली.

आता ही नावं काय आहेत ते सांगतो. पहिलं बाटलीतलं पाणी नासू नये म्हणून घालतात. माणसात त्याची अ‍ॅलर्जी इतकी वाढली की २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगवाल्यांच्या संस्थेनं त्याला त्या वर्षाचा 'अ‍ॅलर्जन' ठरवलं, आणि अंगाला लावून न धुता ठेवायच्या कॉस्मेटिकमधनं युरोपनं २०१७ पासून ते काढायलाच लावलं. गंमत म्हणजे पॅराबेन या दुसऱ्या टिकवणाऱ्या केमिकलच्या नावानं सगळीकडं बोंब झाली तसं कंपन्यांनी त्याच्या जागी हेच घालायला सुरुवात केली, त्यामुळं 'पॅराबेन फ्री' वाचून मी तरी हुरळून जात नाही. दुसरं जे डीएमडीएम, ते हळूहळू फॉर्माल्डिहाइड हे जंतू मारणारं पण कातडीला त्रासदायक केमिकल सोडतं, त्यावरच त्याचं काम चालतं. आणि फ्रॅग्रन्स म्हणजे सुवास, या एका शब्दाखाली डझनानं केमिकल्स लपू शकतात. शाम्पू निदान धुतला तरी जातो हो, पण वाइप्स, ड्राय शाम्पू, केसांना चमक आणायचा स्प्रे हे तसंच अंगावर राहतं आणि नंतर जिभेवर जातं, त्यामुळं तिथं मी जास्त बघतो.

मग सरकार काय करतंय म्हणाल तर १९४० चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायदा बघा, त्यात कॉस्मेटिक म्हणजे माणसाच्या शरीराला लावायची वस्तू, विषय संपला. औषधाच्या व्याख्येत मात्र जनावरं येतात. म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलेला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू घेतला तर त्यावर लायसन नंबर, बॅच, एक्सपायरी, आणि 'फक्त जनावरांच्या उपचारासाठी' अशी इंग्रजीत ओळ असते. साधा वासाचा शाम्पू मधल्या फटीत पडतो. त्यामुळं नॅचरल, ऑरगॅनिक, काय पाहिजे ते छापा.

पण खरं सांगू का, आपल्याकडं शाम्पूपेक्षा मोठा घोळ गोचिडाच्या औषधाचा आहे. जिल्हा दुधाचा, घरटी म्हैस, गोठ्याच्या खिडकीत गोचिडाची बाटली असतेच. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन नाहीतर अमिट्राझ. म्हशीला मारून बादलीत उरलं की तेच कुत्र्यावर, माप म्हणजे टोपणानं अंदाजे, आणि हात फिरलाच आहे तर मांजरावर पण!! मांजराच्या लिव्हरला डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन अशी पायरेथ्रॉइड जातीची औषधं फोडून बाहेर टाकायला जमतच नाही नीट. कुत्र्याला जे चालतं त्यानं मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, मरतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या ड्रॉप्समध्ये त्याच जातीचं पर्मेथ्रिन असेल आणि मांजर त्या कुत्र्याला चिकटून झोपत असेल तरी धोका आहे. आमच्या गावाकडं एका काकींचं मांजर असंच गेलं, त्या आजपण म्हणतात कुणीतरी करणी केली. करणी न्हवं काकी, बादली.

गोचिडाच्या पावडरींचं पण तेच. काहींत प्रॉपोक्सर नावाचं कीटकनाशक असतं. त्याचे गळ्यातले पट्टे अमेरिकेत कंपन्यांनी २०१४ साली बंद करायचं कबूल केलं, कारण काय, तर पट्टेवाल्या कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान पोरांना त्याचा धोका.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, मग घरगुती करूया. थांबा. खोबरेल तेलात कापूर घालून चोळणारे घरोघरी आहेत, कापूर कुत्र्या-मांजराला विषारी आहे. टी ट्री ऑइल तसंच, दाट तेलाचे थोडे थेंब पण मांजराला महागात पडतात. रिठा डोळ्यात गेला की काय होतं ते लहानपणी आपण सगळ्यांनी भोगलंय. जखम धुवायचं अँटिसेप्टिक बादलीत टाकतात, त्यातलं क्लोरोझायलेनॉल मांजराला चालत नाही. आणि अंगाचा साबण म्हणाल तर त्याचा पीएच, म्हणजे आंबट-खारटपणाचं माप, साधारण ९-१० आणि कुत्र्याची कातडी न्यूट्रलच्या, म्हणजे ७ च्या आसपास, वर आपल्यापेक्षा पातळ.

मी काय करतो? बिनवासाचा, छोट्या यादीचा शाम्पू, साधारण महिन्यातनं एकदा. खाज असली तर बिनमसाल्याचे साधे ओट्स मिक्सरला पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात, अंगावर थोडा वेळ ठेवायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं, कारण नीट न धुतल्यानं पण खाज येते. पावसाळ्यात तर आंघोळीपेक्षा टॉवेलनं बोटांच्या बेचक्या आणि कानामागं कोरडं करणं महत्त्वाचं. बारीक दाताची फणी रोज. मांजराला आंघोळ लागतच नाही बहुतेक. पण गोचीड झाली तर फणीवर भागवू नका, गोचीड-ताप कुत्र्याला मारतो. डॉक्टरकडं जा, वजन करा, त्या वजनाची गोळी किंवा ड्रॉप्स घ्या, आधी कधी फिट आली असेल तर ते पण सांगा कारण काही गोळ्या तिथं चालत नाहीत.

आणि चुकून काही लागलंच, जनावर थरथरायला लागलं, तोंडातनं लाळ गळायला लागली, तर दूध-तूप पाजत बसू नका. शुद्धीत असेल आणि झटके नसतील तर भांड्याच्या सौम्य लिक्विडनं कोमट पाण्यात धुवा, पुसा, उबेत गुंडाळा आणि पळा डॉक्टरकडं, बाटली किंवा पाकीट सोबत घेऊनच. प्रॉपोक्सरला अ‍ॅट्रोपिन लागतं, अमिट्राझला वेगळं इंजेक्शन, आणि पर्मेथ्रिनला उतारा असा नाहीच, झटके थांबवत सलाइनवर ठेवावं लागतं. नुसतं 'गोचिडाचं औषध लावलंवतं' म्हटल्यावर डॉक्टरनं यातलं काय टोचायचं?