मालकाचं उत्तर: ३ किलोवॅट सांगितलं, ३ किलोवॅटच लावलंय

सर नमस्कार, तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल सॉरी. स्टार किती द्यायचे हा तुमचा हक्क. पण गच्चीवरच्या सोलरबद्दल "३ किलोवॅटचे पैसे घेऊन २ चं लावलं, पावसाळ्यात युनिट निम्मी झाली आणि झिरो म्हणालेलं बिल तरी आलंच" असं तुम्ही चारचौघांत लिहिलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

तुमच्या गच्चीवर ६ पॅनल आहेत. कुठल्याही पॅनलच्या मागे वाकून बघा, स्टिकरवर ५४० वॅट छापलंय, सहाचे झाले ३२४०. केंद्र सरकारच्या छतावरच्या सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेची सबसिडी तुमच्याच खात्यात ७८,००० जमा झाली ना? ती ३ किलोवॅटला मिळते, २ ला ६०,००० च मिळतात. मग मी २ चं लावलं कसं?

आता युनिटचं. एका किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, पण ती वर्षाची सरासरी आहे हो. एप्रिलमध्ये तुम्हीच १४-१५ युनिटचे स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवत होतात, तेव्हा रिव्ह्यू नाही टाकलात. आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं असल्यावर पॅनल कुणाचंही असो, युनिट पडणारच. उन्हाळ्यात जास्तीची युनिट ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जातात ती बिलात पुढे जमा राहतात, नेट मीटर त्यासाठीच असतं. आणि युनिट झिरो झाली तरी स्थिर आकार लागतोच, हे मी कोटेशन देतानाच बोललो होतो, वहिनी पण होत्या तिथे.

पण खरी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. मार्चमध्ये आम्ही काम केलं तेव्हा पश्चिमेला काही नव्हतं. जूनमध्ये तुम्ही तिथे उंच स्टँडवर पाण्याची काळी टाकी चढवली, मला एक फोनसुद्धा नाही. युनिट दाखवणाऱ्या अॅपमध्ये कुठलाही लख्ख उन्हाचा दिवस उघडा, दुपारी अडीचपर्यंत ग्राफ मस्त गोल आहे आणि मग पायरीसारखा खाली येतो, कारण टाकीची सावली त्या कडेच्या २ पॅनलवर पडते. ६ मधले २ गेले, उरले ४, म्हणजे तुमचं ते २ किलोवॅट! ते टाकीने केलंय सर, मी नाही.

२०२४ ला योजना आली तेव्हापासून छतावरच्या सोलरमध्ये गुजरातच्या मागोमाग आपलाच महाराष्ट्र आहे, रोज नवा कोणीतरी या धंद्यात उतरतोय, स्वस्तात लावून गायब होणारे पण आहेत. आमच्यासारख्या छोट्या माणसाला कामं मिळतात ती तोंडी नावावर, म्हणून ही ओळ इतकी लागली.

फोन वेळेत उचलत नाही ही तुमची तक्रार पण आहे, ते लवकर उचलले जातील असं काहीतरी बघतोय, सर्व्हिसला एक मुलगा वाढवायचा विचार चालू आहे. रविवारी सकाळी मी स्वतः येतो. टाकी हलवायची तर प्लंबर तुमचा, ते २ पॅनल पूर्वेकडे सरकवायचे तर मजुरी घेणार नाही, जादा वायर लागली तर तेवढे पैसे द्या. स्टार राहू दे एकच, फक्त ते "२ चं लावलं" एवढं काढा.