चिंधीगिरी नाही हो, हिशोब आहे तो

आज सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीने साधा प्रश्न विचारला. इथे अमेरिकेत येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झालीयत. तिच्या भावाला ब्लू क्रॉस सेटलमेंटची (म्हणजे ब्लू क्रॉस नावाच्या आरोग्यविमा कंपन्यांवरच्या केसमधल्या तडजोडीच्या पैशांची) ईमेल आलीय, ती खरी आहे का, आणि आपल्याला पण काही फॉर्म भरायचा असतो का. बास, एवढंच. त्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं, "स्कॅम आहे, डिलीट कर. आणि खरं असलं तरी चार डॉलरसाठी असली चिंधीगिरी आपल्या लोकांनी करू नये." खाली अकरा जणांचे हसरे चेहरे. मुलीने "सॉरी काका" लिहिलं आणि आपला प्रश्नच डिलीट करून टाकला.

तो सॉरी वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. दिवसभर ऑफिसात एक धड काम झालं नाही. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय, लांबेल, पण वाचा.

पहिली गोष्ट, स्कॅम नाही. अलाबामात बर्मिंगहॅमच्या फेडरल कोर्टात जज प्रॉक्टर यांच्यापुढे ही केस चालली, २०१२ पासून. २०२० मध्ये तडजोड झाली, रक्कम २६७ कोटी डॉलर. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टाने अंतिम मंजुरी दिली, मग काही जण अपिलात गेले (होम डेपोसारखी बलाढ्य कंपनी पण होती त्यात), ऑक्टोबर २०२३ मध्ये अपील कोर्टाने तडजोड कायम ठेवली आणि जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. बारा वर्षं! आणि आपण एका सेकंदात डिलीट म्हणून मोकळे. आता खोट्या ईमेल ढिगाने येतात हे मान्य, कुठल्याही लिंकवर डोळे मिटून क्लिक करू नका हे मीच सगळ्यांना सांगत असते. पण मग तसं सांगा ना त्या मुलीला, चिंधी कशाला काढता.

भांडण कशाचं होतं ते मला वकिलांच्या भाषेत कधीच कळलं नसतं. मला ते आमच्या सांगलीच्या गवळ्यामुळे कळलं.

गावभागात आमच्या गल्लीत एकच गवळी यायचा. दूध पातळ, आणि खाडे करण्यात पटाईत. पलीकडच्या गल्लीत दुसरा यायचा, त्याचं दूध दाट. आईने एकदा त्याला हटकून विचारलं, आमच्याकडे घालता का? तो सायकल न थांबवताच म्हणाला, "वहिनी, ती गल्ली माझी न्हाई." एवढंच. त्या दोघांचं आपसात ठरलेलं होतं, आणि त्या ठरण्याचे पैसे आई भरत होती. तर ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ही एक कंपनी नाहीये, तीसच्या वर वेगवेगळ्या कंपन्या आहेत. त्यांची मिळून एक असोसिएशन आहे, ती नाव आणि निळा लोगो वापरायचा परवाना देते, आणि परवान्यासोबत इलाका पण ठरवून देते. तुझ्या इलाक्यात तू, माझ्या इलाक्यात मी, निळं नाव घेऊन एकमेकांच्या गल्लीत शिरायचं नाही. बरं, दुसऱ्या नावाने शिरायचं म्हटलं तरी देशभरातल्या आरोग्यविम्याच्या कमाईतला दोन तृतीयांश हिस्सा निळ्या नावाच्याच धंद्यातून आला पाहिजे असा अजून एक नियम होता. म्हणजे पळायला वाटच नाही. फिर्यादींचं म्हणणं हेच होतं की या वाटणीमुळे स्पर्धा मेली आणि लोकांनी प्रीमियम जास्त भरला. कंपन्यांनी चूक कबूल केलेली नाही, तडजोडीत तसं लिहिलेलंच असतं. ठीक आहे, नका करू कबूल. २६७ कोटी डॉलर कोणी उगाच देत नाही एवढं मला कळतं.

आता माझं सांगते.

२००९ साल. शिकागोजवळच्या एका उपनगरात आम्ही एका बेडरूमच्या घरात राहायचो. नवरा एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत होता, नाव लिहीत नाही, आता ती कंपनी पण नाही आणि तो मालक पण कुठे आहे देव जाणे. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आलेल्या बायकोचा व्हिसा, त्यावर तेव्हा काम करायची परवानगी नाही, घरी बसून होते. आईने सांगलीहून कालनिर्णय पाठवलं होतं, ते किचनमध्ये फ्रिजच्या बाजूला लावलेलं. आणि आई जसं त्या चौकोनांमध्ये दुधाचे खाडे लिहायची तसं मी दर दुसऱ्या शुक्रवारी नवऱ्याच्या पगारातून मेडिकलचे किती कापले ते लाल पेनने लिहायचे. ४१२. पुन्हा ४१२. पुन्हा ४१२. वर्षाला २६ पगार, गुणाकार करून बघा, १०,७१२ डॉलर होतात. त्या वर्षी या देशात कंपनीमार्फत घेतलेल्या फॅमिली विम्याचा सरासरी प्रीमियम होता १३,३७५ आणि त्यातले कामगार आपल्या खिशातून सरासरी ३,५१५ भरत होता. आमचा मालक फक्त नवऱ्याचा एकट्याचा भाग उचलायचा, बायकोचा सगळा आमच्या माथी. हे सगळ्यांकडे असंच असतं असं आम्हाला वाटायचं. विचारणार कोणाला? व्हिसा मालकाच्याच हातात.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये नवरा पुढच्या वर्षीचा कागद घेऊन घरी आला, ४१२ चे ४६८ झाले होते. मी तेव्हा चार महिन्यांची गरोदर होते. त्याने विचारलं होतं म्हणे ऑफिसात, दुसरा प्लॅन नाहीये का, तर उत्तर मिळालं एकच आहे, हवा तर घ्या. तो बूट न काढता दारात उभा राहून मला हे सांगत होता. मी जानेवारीच्या कोऱ्या पानावर ४६८ लिहिलं आणि आजीच्या वर्षश्राद्धाला सांगलीला जायचं जे चाललं होतं ते त्याच दिवशी रद्द केलं. तिकिटाचा विषय कोणी काढलाच नाही घरात. आईला फोनवर सांगितलं, डॉक्टर प्रवास नको म्हणतात.

हे चार डॉलर आहेत का काका?

२०२१ मध्ये ईमेल आली तेव्हा नवरा पण हेच म्हणाला होता, जाऊ दे गं. मी नाही जाऊ दिलं. फेब्रुवारी २००८ ते ऑक्टोबर २०२० या काळात ज्यांचा ब्लूचा विमा होता त्यांना क्लेम भरता येत होता. (कंपनी कामगारांची दवाखान्याची बिलं स्वतःच्या पैशातून देते आणि ब्लूकडून फक्त कारभार करून घेते अशा मोठ्या कंपन्यांमधल्या लोकांना मात्र सप्टेंबर २०१५ पासूनचाच काळ धरलाय. आपले आयटीतले बरेच जण यात येतात आणि रक्कम कमी का म्हणून वैतागतात, त्याचं कारण हे.) आता गंमत नाही, चीड येते ती गोष्ट पुढे आहे. आमच्यासारख्या ग्रुप विम्यात प्रीमियमचा किती भाग मालकाचा आणि किती कामगाराचा? पुरावा नसेल तर कोर्टाने मान्य केलेलं ठरलेलं प्रमाण, एकट्याच्या विम्यात १५ टक्के कामगाराचे, फॅमिलीच्या विम्यात ३४ टक्के. जास्त भरलं असेल तर कागद दाखवा. कागद! दोनदा घर बदललं, पगाराच्या स्लिपा फाडून टाकल्या, कंपनी बंद. ट्रंक उपसली तर त्यात सापडलं काय, २००९ चं कालनिर्णय. प्रत्येक लाल आकडा जागच्या जागी. ते काय अपलोड करणार? आम्ही ३४ टक्क्यांवर टिक केलं.

आणि अजून एक. डिपेंडंटना क्लेम भरता येत नाही. बायको, मुलं, यांचं नाव त्या यादीत नाहीच. माझ्यासाठी म्हणून कापलेले पैसे, मी लिहिलेला हिशोब, मी रद्द केलेला प्रवास, पण क्लेम नवऱ्याच्या नावावर. पैसे एकाच घरात येणार, मान्य, कायद्याच्या दृष्टीने प्रीमियम त्याच्या पगारातून गेला हे पण मान्य. तरी ती ओळ वाचून मी त्या रात्री लॅपटॉप बंद करून किचनमध्ये जाऊन बसले होते. तेव्हाच्या सगळ्या एच-४ बायका आठवल्या, दुपारी लायब्ररीत भेटायचो आम्ही.

वकिलांनी खाल्ले सगळे, हे अजून एक वाक्य आजच्या ग्रुपवर आलंच. हो, फी आणि खर्च मिळून ६६ कोटी डॉलरच्या वर गेले, पाव हिस्सा. मला पण डोळ्यात खुपतो तो आकडा. पण माझ्या ४१२ डॉलरसाठी मी एकटी गेले असते का बर्मिंगहॅमच्या कोर्टात? तुम्ही गेला असतात? आईने गवळ्याशी भांडण केलं ते दारात उभं राहून केलं, दोन खाड्यांसाठी, आणि मला तेव्हा शाळेच्या मैत्रिणी बघतायत म्हणून लाज वाटली होती, मी आत पळाले होते. गवळ्याने पैसे परत दिले. पण दारात येणाऱ्या गवळ्याशी भांडता येतं, देशभर पसरलेल्या विमा कंपन्यांच्या दारात एकेकटं उभं राहता येत नाही, म्हणून तर सगळ्यांच्या वतीने एक केस असते. आणि नुसते पैसे नाहीत, तो दोन तृतीयांशचा नियम या तडजोडीत रद्द झाला, आणि काही मोठ्या कंपन्यांना आता एका ब्लूच्या जोडीला दुसऱ्या ब्लूकडूनही भाव मागवता येतो. इलाके मात्र पूर्ण गेले नाहीत, हेही खरं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

एक मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच आपले लोक हरतात. फंडातून खर्च वजा जाता जे उरतं ते क्लेम भरलेल्यांमध्ये प्रमाणात वाटतात. पाच डॉलर किंवा त्याहून कमी निघाले तर काहीच मिळत नाही. आणि ज्याने क्लेम भरला नाही त्याच्यासाठी कोणी बाजूला काढून ठेवत नाही, मुदत होती ५ नोव्हेंबर २०२१, संपली. म्हणजे ज्या ज्या आपल्या माणसाने तेव्हा "असली चिंधीगिरी" म्हणून ईमेल डिलीट केली त्याने कोणावर उपकार केले नाहीत, त्याचा वाटा बाकीच्यांना गेला. एवढंच झालं.

खरं तर मला त्या काकांचा राग येत नाहीये आता, लिहिता लिहिता उतरला. ते ऐंशीच्या दशकात आले, त्यांनी काय काय गिळलं असेल ते त्यांनाच माहीत. पैसे मागणं म्हणजे कमीपणा हे आपल्या घराघरात शिकवलेलं आहे, माझ्या बाबांना अजून पटत नाही. सांगलीत त्यांचा आरोग्यविम्याचा प्रीमियम दर वर्षी वाढतो आणि ते मुकाट भरतात. मी त्यांना सांगितलं की ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेशी, बोलावं लागतं, जानेवारी २०२५ पासून. सांगितलं की ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली एकसारखी तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीने एक माणूस सुद्धा ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन तक्रार करू शकतो. ते म्हणाले, "कशाला उगीच वाद." आई मागून ओरडली, "खाडे लिहून ठेवा म्हणावं!"

तर त्या मुलीला मी मेसेज केलाय. तिला सांगितलं, तू २०२० नंतर आलीस, तुझा यात क्लेम बसत नाही, पण प्रश्न बरोबर होता. भावाने २०२१ मध्ये भरला असेल तर त्याचा क्लेम नंबर जुन्या ईमेलमध्ये असणार, तो शोधून ठेव, आणि घर बदललं असेल तर पत्ता बदलून घ्या म्हणावं, ईमेलमधल्या लिंकवरून नाही, सेटलमेंटच्या अधिकृत साइटवर स्वतः जाऊन. आमचा पण जुना पत्ता राहिला होता, आत्ता नवऱ्याला बसवून बदलून घेतला.

तुमच्यापैकी कोणाला त्या वेळची ईमेल सापडत नसेल तर उद्या शनिवार आहे, अकरानंतर मी घरी आहे, लॅपटॉप घेऊन या, एकत्र बसून शोधू. पगाराच्या स्लिपा मात्र आजपासून फाडू नका.