वाफा अंगावर काढायच्या की नाही, हे बाईनं ठरवावं

ताई, पाळी जाताना अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते; त्यावर घ्यायच्या हार्मोनबद्दलच्या माझ्या लेखाला तुमचे तीन आक्षेप आहेत: हा निसर्गक्रम आहे, औषधानं कॅन्सर होतो, आणि स्त्रीवादाच्या नावाखाली कंपन्यांचा धंदा होतो. शेवटच्यात तथ्य आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत तारुण्य टिकवायला म्हणून नुसतं इस्ट्रोजेन हे हार्मोन खपवलं गेलं. त्यानं गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो, हे १९७५ साली समोर आलं. तेव्हा धोके लिहिलेला कागद औषधासोबत मिळावा म्हणून तिथल्या स्त्रीवादी बायका भांडल्या. माझा स्त्रीवाद त्याच वाटेचा आहे.

निसर्गाचं म्हणाल तर गौरी-गणपतीत पाळी पुढं ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या सांगली-विट्याकडे सर्रास घेतात. तेही हार्मोनच. पूजेसाठी चालतं, आणि बाईनं स्वतःच्या झोपेसाठी घेतलं की निसर्ग आठवतो, याचा मला मनापासून राग येतो.

कॅन्सरची भीती मुख्यतः २००२च्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. मिश्र गोळ्या (इस्ट्रोजेन आणि सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केसेस जास्त आढळल्या. धोका खरा आहे, पण एवढाच आहे. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यावर १० वर्षांत सुरू केलं, तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी बायकांना फायदाच जास्त.

गर्भाशयाची पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर जाड होत जातं. घोळ इथेच होतो. गुंगी येते म्हणून बायका नेमकी प्रोजेस्टेरॉनचीच गोळी सोडतात. ती रात्री झोपतानाच घ्यायची असते. इस्ट्रोजेन जेलमधून घेतलं तर रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी, कारण ते पोटातून थेट यकृतात जात नाही. जेल दंडाला किंवा मांडीला लावायचं, स्तनांना नाही, आणि लावलेल्या जागेला नातवंडांचा हात लागू द्यायचा नाही. आठवड्यात गुण आला नाही म्हणून सोडू नका. पुरता अंदाज यायला ३ महिने लागतात. सुरुवातीला डाग लागू शकतात. सहा महिन्यांनंतरही लागत असतील तर सोनोग्राफी करायलाच हवी.

स्तनाचा कॅन्सर, गुठळी किंवा लकवा होऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हे औषध नको. वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी बिनहार्मोनची औषधं डॉक्टर देतात.

आणखी एक. आपल्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या बीडकडच्या कितीतरी बायकांची पिशवी ऐन तिशीत काढलेली असते. २०१९ साली सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. सोबत दोन्ही अंडाशयं गेली असतील तर प्रश्न वाफांपुरता राहत नाही: हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा बाईला, वरची अडचण नसेल तर, पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा वैद्यकीय सल्ला आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर ऑपरेशनच्या कागदावर नेमकं काय काढलंय ते वाचून घ्या, आणि तो कागद घेऊनच मिरजेला डॉक्टरांना दाखवायला जा.